मगन पाटलाच्या कमानीला झोका

एकोणीसशे सदतीसच्या माघात मगन पाटलाच्या लेकीचं, भिकुबाईचं लग्न झालं आणि त्या लग्नातच आमच्या गल्लीच्या रस्त्याचं भांडण जन्माला आलं. सारंगखेड्याचे व्याही पितांबर आबा स्वतःच्या टांग्यातून, डोक्याला केशरी फेटा बांधून थाटात आले, आणि टांगा गल्लीच्या तोंडाशीच अडला! सडकेपासून मगनच्या दारापर्यंत रस्ता म्हणून नव्हताच. दोन्हीकडे निवडुंगाचं कुंपण, मधोमध गफूर नालबंदाचा कडुलिंब आणि त्याला वळसा घालणारी पायवाट. आबा खाली उतरले. धोतराचा सोगा निवडुंगाने धरला तो सोडेचना! सगळं वऱ्हाड मागे आणि आबा पुढे, चिखलातून चालणाऱ्या बगळ्यासारखे एकेक पाय उचलत मांडवात पोचले.

"व्याही," आबा भर मांडवात गरजले, "तुमना गावमा रस्ता शे का घुशीनं बीळ शे? आखाजीले मन्ही सून टांगामाच यी. टांगा दारशी उना तं सून उनी, नही तं नही!"

हे ऐकून मगनच्या बायकोने, नर्मदाबाईने हातातलं ताट खाली ठेवलं. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकीबाळींचा सण. सासुरवाशीण माहेरी येते, झोक्यावर बसते, गाणी म्हणते. त्यातून ही लेकीची पहिली आखाजी! ती हुकली तर आईने तोंड कुठे लपवायचं?

मगन मात्र नुकताच मुन्सिपाल्टीचा मेंबर झाला होता. त्याने मिशीला पीळ दिला.

"आबा, आखाजीले तुमना टांगा मन्हा ओट्याले लागी! नही लागना तं ही मिशी काढी टाकसू!"

"काढ, काढ," नर्मदाबाई मागून पुटपुटली. "नुसती मिशी काढी काय व्हयी? पोर यवाले पाहिजे!"

मगनला वाटलं होतं, रस्ता म्हणजे काय, झाड तोडलं आणि खडी टाकली की झालं. गफूरने झाड द्यायलाही नाही म्हटलं नाही. त्या लिंबाला दर आखाजीला सगळ्या गल्लीचा झोका लागायचा. त्याची बायको हलीमा तेवढी म्हणाली, "भाऊ, झाड ली जा. पन आखाजीले झोका कोठे बांधवा?" मगन हसला. रस्ता आल्यावर झोक्याला कोण विचारतो!

मग तो मुन्सिपाल्टीत गेला, आणि तिथे त्याला कळलं की रस्ता एक असला तरी त्याचे मालक चार असतात.

बांधकामाचे ओव्हरसियर साहेब म्हणाले, "आधी नळ टाकून होऊ द्या. आम्ही खडी टाकायची आणि नळवाल्यांनी उकरायची, हे मागच्या गल्लीत झालंय!"

नळखात्याचा अनीस फिटर म्हणाला, "आधी दिवाना खांब कोठे ते सांगा. नही तं मन्हा नळवर खांब ठोकतीन!"

दिवाबत्तीचा जब्बार मुकादम म्हणाला, "आधी तो तारना खांब हलाडा. तो मधमा उभा शे, नवरदेवसारखा!"

आणि तारवाल्यांचा, म्हणजे टपालखात्याचा माणूस म्हणाला, "रस्ता कुठून जाणार ते बांधकामवाल्यांनी आधी दाखवावं."

म्हणजे फिरून साहेबांकडे! मगन त्या चौघांच्या दारांभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरला. चैत्र लागला. निवडुंग निघाला, लिंब पडला, पण रस्त्याच्या जागी होळीच्या दुसऱ्या दिवशी उरते तेवढी राख आणि धूळ!

तेव्हा मगनला युक्ती सुचली. त्याला वाटलं, असं डोकं मुंबईच्या लाटसाहेबालाही नसेल. तो अनीसकडे गेला आणि म्हणाला, "जब्बारनी खांबसनी जागा पक्की करी टाकी. तू नळ टाक!" अनीसने नळ टाकला. सडकेपासून गल्लीच्या पलीकडच्या कडेने तो आणला, आणि मगनच्या दारापुढे रस्ता आडवा ओलांडून ओट्याजवळ तोटी बसवली. मग मगन जब्बारकडे गेला. "बांधकामवाला आखीसन गयात. खांब ठोक! दारसमोर दोन लाव, रस्ताना दोन्ही आंगे. आबाले उजेड दिसाले पाहिजे!" मग साहेबांकडे जाऊन म्हणाला, "नळ झाला, दिवे झाले, फक्त तुमच्या खडीसाठी थांबलंय!" साहेबांनी सडकेकडून खडी टाकत, रोलर फिरवत आणली, आणि मगनच्या दारापुढचा शेवटचा तुकडा आखाजीनंतर करू म्हणाले.

सगळं कसं लोण्यासारखं चाललं होतं! तारवाले तेवढे आलेच नाहीत. पण गल्लीच्या तोंडाशी उभ्या त्यांच्या खांबाच्या बाजूने टांगा जात होता. मगनने तिकडे पाहणं सोडून दिलं.

इकडे जब्बारचं काय झालं, तर आमच्याकडची जमीन मुरमाड. पहार मारली की ठिणगी उडते! खांबासाठी खड्डा खणता खणता त्याची माणसं घामाघूम झाली. मग त्यांना मगनच्या दारापुढे आडवा पट्टा सापडला, भुसभुशीत, मऊ. जब्बार खूश झाला. दोन्ही खांब त्याच मातीत, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला! आखून कोणी गेलंच नव्हतं, त्यामुळे ती माती मऊ का आहे, हे सांगायलाही कोणी नव्हतं.

मगनने ते समोरासमोर खांब पाहिले आणि त्याची छाती फुगली. "कमान!" तो ओरडला. त्याने सागाची जाड बल्ली दोन्ही खांबांवर आडवी बांधली आणि तिला आंब्याच्या पानांचं तोरण लावलं. आबांच्या स्वागताला मगन पाटलाची कमान!

आखाजी उजाडली. मगन नवा सदरा घालून सडकेवर वाट पाहत उभा राहिला. नर्मदाबाई खापरावर मांडे टाकत होती. आमरसाचा हंडा भरला होता. साहेब, अनीस आणि जब्बार यांनाही जेवायचं बोलावणं होतं. आपण सगळी खाती कशी एका माळेत ओवली, हे मगनला आबांना दाखवायचं होतं.

गल्लीतल्या लेकी माहेरी आल्या होत्या. लिंब नव्हता. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि त्यांना दोन उंच खांब दिसले. वर आडवी सागाची बल्ली! आता तुम्हीच सांगा, आखाजीच्या सकाळी खानदेशातल्या बाईला हे दिसलं, तर ती त्याला कमान म्हणेल का? हलीमाने स्वतः मोटेच्या नाड्याचा दोर आणून दिला. तिची लेक मदिना पहिली बसली आणि झोका रस्त्याभर सुसाट सुटला!

साहेब, अनीस आणि जब्बार एकदमच पोचले. झोका त्यांच्या टोप्यांना चाटून गेला.

"हे खांब इथे कोणी लावले?" साहेब ओरडले. "हे तर रस्त्यातच आले!"

"तुम्हीच आखी देल ना?" जब्बार म्हणाला.

"मी? मी आखणी केलीच नाही!"

अनीसने खांबाच्या बुडाकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अरे बापरे! हाई तं मन्हा नळवरच शे! आनि सकायपासून पानी सोडेल शे!"

तिघांनी मिळून मगनकडे पाहिलं. एवढी एकजूट त्या तीन खात्यांत त्याआधी कोणी पाहिली नव्हती.

"उतरा, बायांनो!" साहेब म्हणाले. "खांब काढायचे आहेत!"

"आखाजीना झोका कोन सोडस?" हलीमा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "पोरी उठतीन तव्हय सुटी!"

इतक्यात टापा वाजल्या. पितांबर आबांचा टांगा! तारेच्या खांबाच्या बाजूने डौलात आला, खडीवरून खडखडला आणि झोक्यापुढे थबकला. टांग्यातून भिकुबाईने उडी मारली ती थेट मदिनाच्या शेजारी झोक्यावर! नर्मदाबाई पिठाच्या हातांनी धावत आली. लेकीला धरायला गेली तर झोका लेकीला घेऊन लांब! परत आली तेव्हा कुठे दोघींची गाठ पडली.

आबा टांग्यातच बसून हसले. "व्याही, मिशी काढा! टांगा ओट्याले लागना का? आठे तं झोका लागेल शे! चाल सूनबाई, फिर मांघे!"

मगनचा हात मिशीकडे गेला. भिकुबाईचे पाय झोक्यावर थांबले.

पण गल्लीतल्या बायांनी आबांना घेरलं. आखाजीला व्याह्याची थट्टा करायला त्यांना कोणाची परवानगी लागत नाही. त्यांनी तिथल्या तिथे गाणं जुळवलं:

"सारंगखेडाना आबा घोडावर बसस,
दोरना झोका देखीसन कसा काय लपस!"

"कोन लपस?" आबांचा फेटा थरथरला. "सरका!"

ते उतरले. भिकुबाई आणि मदिना बाजूला झाल्या. आबा धान्याच्या कोठीसारखे. ते बसले तेव्हा बल्ली कण्हली. हलीमाने मागून एक जोराचा धक्का दिला. आबा वर गेले. आबा खाली आले. पुन्हा वर गेले, आणि मऊ मातीतले दोन्ही खांब दोन दारुड्यांसारखे एकमेकांकडे झुकले!

"नळ! मन्हा नळ!" अनीस किंचाळला.

खांब आडवे झाले, बल्ली बाजूला पडली, आबा मातीत बसले, आणि जमिनीतून कारंजं उडालं! पाणी लिंबाएवढं उंच! साहेब भिजले, मुकादम भिजला, तोरण वाहून गेलं. आबांच्या केशरी फेट्याचा रंग गळून त्यांच्या मिशा केशरी झाल्या. आबांचा घोडा भडकला, रिकामा टांगा घेऊन उधळला. समोर आता ना कमान, ना झोका! टांगा सरळ सुटला आणि धाडकन मगनच्या ओट्यावर आदळून थांबला. ओट्याचा कोपराच उडाला!

मग गफूर नालबंद घोड्याचा लगाम धरून शांतपणे म्हणाला, "आबा, देखा. लागना ओट्याले."

आबांनी टांग्याकडे पाहिलं. ओट्याकडे पाहिलं. मग चिखलात बसल्या बसल्या एवढे हसले, की त्यांना उठवायला चौघे लागले!

"जिकनात, व्याही! सून दरसाल धाडसू. पन माले झोकावर बसाडू नका!"

साहेब मात्र सवयीने म्हणाले, "आधी नळवाल्यांनी..." अनीस म्हणाला, "आधी खांबवाला..." गफूरने कारंज्याकडे बोट दाखवलं. "साहेब, आते आधी कोन, ते पानीच सांगी!"

आणि पाण्याने सांगितलं. जब्बारच्या माणसांनी खांब ओढले, अनीसने नळ जोडला, साहेबांनी कमरेला सदरा खोचून स्वतः दोरी धरली आणि कडा आखल्या. आबांनीही एक खांब खांद्यावर घेतला. अडीच-तीन महिने जे काम दारोदार फिरलं, ते दिवस मावळायच्या आत मार्गी लागलं! मग सगळ्यांनी ओल्या अंगाने मांडे आणि रस खाल्ला. झोका त्या वर्षी मगनच्या ओट्याच्या तुळईला लागला, आणि त्यावर भिकुबाई दिवे लागेपर्यंत बसली.

पावसाळ्याआधी रस्ता पुरा झाला. मगनने त्याला आपल्या वडिलांचं नाव देण्याचा ठराव केला, पाटीही लावली. पण आजही गावात कोणालाही विचारा, तो "झोकागल्ली" म्हणूनच वाट सांगेल.

तारवाले अजून यायचे आहेत. त्यांचा खांब रस्त्याच्या तोंडाशी मधोमध उभा आहे.

मगन पाटील एकोणीसशे सेहेचाळीस साली, आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी वारला. भिकुबाई माहेरीच होती. खांदेकऱ्यांनी त्याला खांबाच्या डावीकडून नेलं.