पहिली बादली

इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या एका जिल्हा कचेरीने नागरिकांचे अर्ज संगणकावर घ्यायला सुरुवात केली, आणि पहिल्या महिन्यात एकही तक्रार आली नाही. आल्या त्या केवळ शुभेच्छा. कचेरीने ही बाब गांभीर्याने घेऊन स्वतःचे अभिनंदन केले.

चैन पडेना ते एकट्या नुग्रोला. ही व्यवस्था त्यानेच लिहिली होती, आणि अर्ज करणाऱ्यांत त्याची आई सार्तिनीही होती. तिच्या गल्लीतली पाण्याची वाहिनी फुटली होती. म्हातारी सार्तिनी उतारावरच्या झऱ्यावरून पाणी वाहत होती. तिला उत्तर आले, "आपल्या शुभेच्छा पोचल्या. कचेरी ऋणी आहे."

नुग्रोने सर्व्हर उघडून पाहिला आणि कपाळाला हात लावला. तसाच तो कचेरीचे प्रमुख, पाक दार्सोनो, यांच्यासमोर उभा राहिला. तिकडे 'पाक' म्हणजे आपले 'साहेब'.

"पाक, चूक माझी आहे. लोकांचं लिहिणं तारेतून तुकड्यातुकड्यानं येतं. ते झेलायला सर्व्हरच्या दारात बफर असतो, म्हणजे बादलीच समजा. भरली की आत ओतायची, पुन्हा धरायची, धार संपेपर्यंत. आपला सर्व्हर पहिली बादली भरली की निघूनच जातो."

"मग तपासताना कळलं नाही?"

"तपासताना मी नुसतं 'नमस्कार' लिहिलं होतं, पाक."

"आणि पहिल्या बादलीत काय येतं?"

"तब्येतीची चौकशी, घरच्यांची चौकशी, त्रास दिल्याबद्दल माफी. आपली माणसं लगेच मुद्द्यावर कुठे येतात?"

पाक दार्सोनोंनी चहाचा घोट घेतला. "म्हणजे अदब तेवढी आत येते आणि कटकट बाहेर राहते. यात दुरुस्त काय करायचं?"

तरीही समिती नेमली गेली. सर्व्हरला त्रास न देता नागरिकांनीच मुद्दा आधी लिहावा, असे ठरले. तसे परिपत्रक निघाले. रीतीप्रमाणे त्याच्या आरंभी जनतेचे क्षेमकुशल विचारले होते. ते त्याच सर्व्हरवर चढवले गेले, त्यामुळे लोकांपर्यंत क्षेमकुशल तेवढे पोचले. लोक गहिवरले. उलट शुभेच्छांचा पूर आला.

रविवारी नुग्रोने आईला गाठले. "आई, पहिल्याच ओळीत लिही, पाणी नाही म्हणून."

"साहेबाला तोंड उघडताच पाणी मागू? भिकारीण आहे का मी? हेच शिकवलं का रे तुला?"

"अगं, ते पुढचं वाचतच नाहीत!"

"वाचत नसतील तर ती त्यांची रीत. मी माझी का सोडू?"

पुढे प्रांताने जिल्ह्याला 'तक्रारमुक्त' ठरवले. सत्काराच्या दिवशी शेजारच्या जिल्ह्यांचे अधिकारी याहून लहान बादली मिळेल का, अशी चौकशी करत होते. नुग्रोलाही मंचावर बोलावले. पाक दार्सोनोंनी कानात सांगितले, "आता सर्व्हरला हात लावशील तर खबरदार."

तेवढ्यात त्याचा फोन थरथरला. आईचा निरोप होता. 'बाळा, बरा आहेस ना? वेळेवर जेवतोस ना? कामात असशील, त्रास देते, रागावू नकोस…' नुग्रोला भरून आले. त्याने जोडलेल्या हातांचे चित्र पाठवले, फोन खिशात टाकला आणि मंचावर चढला.

निरोपाच्या तळाशी होते, 'झऱ्यावर घसरले. पाय टेकवत नाही. जमलं तर ये.'

बिचाऱ्या नुग्रोला हसू नका. आज सकाळी तुम्हीही कुणाला तरी असेच हात जोडले आहेत. तुम्हाला आलेल्या त्या निरोपाखाली 'अधिक वाचा' असे लिहिले होते.