तातोबाची होडी आणि घरच्यांचे काटे

एका जंगलात, जिथे खाडीचं पाणी झाडांच्या मुळांशी येऊन टेकतं, तिथे तातोबा नावाचा साळिंदर राहत होता. नावाला हसू नका मुलांनो. आधी आपल्या पणजोबांचं नाव काय होतं ते घरी विचारून या.

तातोबाची एकुलती एक लेक, सुंद्री, खाडीपलीकडच्या बेटावर दिली होती. ती आता पोटुशी होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत साळिंदरांतही आहे. बेटावरून कावळ्याने तिचा निरोप आणला, "बाबा, करवंदं पिकायच्या आत मला न्यायला या. इथे मला फार एकटं वाटतं."

तेव्हा करवंदीला नुकती फुलं आली होती. म्हणजे वेळ होता. पण फार नव्हता.

तातोबाची बायको मथुरा म्हणाली, "अहो, किनाऱ्यावर तो माडाचा ओंडका पडलाय. तो ढकला पाण्यात आणि आणा पोरीला."

"लेक काय ओंडक्यावर बसवून आणू? लोक काय म्हणतील?" तातोबा म्हणाला. "मी होडी बांधतो. चांगली शिडाची."

आणि खरंच बांधायला लागला. साळिंदराच्या दातांना लाकूड म्हणजे काकडी. त्याने सावरीचं मऊ लाकूड कुरतडून फळ्या केल्या. फळ्या जोडल्या, फटींत काथ्या ठासला, वरून राळ फासली. अंगणात छोटीशी, नीटस होडी उभी राहिली. शीड तेवढं बाकी होतं.

इथवर सगळं ठीक होतं. मग तातोबाने चूक केली. त्याने घरी सांगितलं.

घरी म्हणजे काय, मुलांनो, तर टेकडीखालची सगळी बिळं. पहिली आली भागीरथीआत्या. ती घराण्यात सगळ्यांत थोर. तिचे काटे पांढरे झाले होते आणि मतं अजून काळीच होती.

"तातू, एकट्याने होडी बांधतोस? आणि आम्ही काय मेलोय?"

"तसं नाही आत्या. तुम्हाला कशाला त्रास?"

"त्रास कसला? घरचं कार्य आहे."

झालं. होडीचं कार्य झालं. कार्य म्हटल्यावर मदत आली आणि मदतीला जेवण आलं. मथुरा चुलीपाशी गेली ती पुन्हा कुणाला दिसली नाही. चुलतभाऊ नरहरी एक पावसाळा पलीकडच्या जंगलात राहून आला होता. तो होडीभोवती फेऱ्या मारी आणि म्हणे, "तिकडे असं करत नाहीत." कसं करतात, ते मात्र त्याने कधी सांगितलं नाही.

सगळ्यांना सगळं कळावं म्हणून घराण्याने एक कावळा कायमचा ठेवून घेतला. तो याचं बोलणं त्याला आणि त्याचं बोलणं सगळ्यांना पोचवी. सकाळी उठल्यापासून त्याचं काम सुरू. अमक्याने शुभ प्रभात म्हटलंय. तमक्याने त्याला शुभ प्रभात म्हटलंय. होडी छान दिसतेय, असं सगळ्यांनी म्हटलंय. एकदा या गडबडीत तो सुंद्रीचा निरोप सांगायलाच विसरला. संध्याकाळी आठवला तेव्हा म्हणाला, "अरे हो, करवंदं हिरवी धरलीत म्हणे. बाबा कधी येतायत, विचारत होती."

 तातोबाने रात्रीचा दिवस करून पळसाच्या पानांचं शीड शिवलं. "आत्या, उद्या निघतो," तो म्हणाला.

"निघतोस कसा? काटे कुठे टोचलेत अजून?"

आता ही साळिंदरांची रीत ऐका. घरात काही नवीन आलं की प्रत्येक वडीलधाऱ्याने आपला एक काटा त्याला टोचायचा. तोच त्यांचा आशीर्वाद. नवीन टोपलीला टोचतात, नवीन चटईला टोचतात. त्यामुळे साळिंदरांकडे एकही धड चटई नसते. पण आशीर्वाद भरपूर असतात.

सगळे वडीलधारे एका दिवशी जमणार थोडेच. एका काकाचे गुडघे दुखत होते. एका मामाला बोलावणं उशिरा गेलं म्हणून तो फुगून बसला. त्याची समजूत काढेपर्यंत करवंदं लाल झाली. अखेर सगळे आले आणि त्यांनी होडीला काटे टोचले. सावरीचं लाकूड मऊ. काटा या बाजूने त्या बाजूला आरपार जाई. नरहरीने शिडालाही टोचला, कारण तिकडे म्हणे नुसत्या होडीला टोचत नाहीत.

तातोबाचं तोंड उतरलं.  पण थोरांना कसं बोलायचं? शिवाय काटे भोकांत घट्ट बसले होते. पाणी आत येणार नाही, असं त्याने मनाला समजावलं.

होडी किनाऱ्यावर नेली. तातोबा आत बसला. तेवढ्यात आत्या म्हणाली, "थांब तातू. काटे काढायचे राहिले."

"काढायचे?"

"मग काय? खाऱ्या पाण्यात आशीर्वाद कुजवायचेत? ते घरी देव्हाऱ्यात सुखरूप राहतील. तू निर्धास्त जा."

प्रत्येकाने आपापला काटा ओळखून उपटून घेतला. मग सगळ्यांनी मिळून, हौसेने, होडी पाण्यात ढकलली.

पाणी गुडघाभर होतं. तेवढं पुरलं.

तातोबा नाकातोंडातलं पाणी झाडत बाहेर आला. घराणं किनाऱ्यावर उभं राहून हळहळलं.

"घाई केलीस," आत्या म्हणाली.

"तिकडे असं होत नाही," नरहरी म्हणाला.

नवी होडी मोठी असावी, कारण या वेळी काटे टोचायला जागा कमी पडली, असं तिथल्या तिथे ठरलं. तातोबा वाळूत बसला आणि बेटाकडे बघत रडला. करवंदं काळी झाली होती.

तेवढ्यात पाण्यावर काहीतरी दिसलं. एक वाकडातिकडा ओंडका होता. त्यावर सुंद्री, आणि मागे ओंडका धरून पाय मारणारा तिचा नवरा. मथुरा चुलीपासून धावत आली ती तशीच पाण्यात शिरली.

"पोरी, आलीस कशी?" तातोबाने विचारलं.

"सासरचे सगळे लग्नाला गेलेत, बाबा. घरात मदतीला कुणी नव्हतं. म्हणून निघता आलं."

आत्याने हात जोडले. "बघा, काटे घरी जपून ठेवायचे म्हटलं, म्हणून पोर सुखरूप आली." सगळ्यांना ते पटलं. कावळ्याने ते घरोघरी पोचवलं.

त्याच दिवशी सुंद्रीला मुलगी झाली. साळिंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे काटे ओल्या गवतासारखे मऊ असतात. तातोबाने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याला पुन्हा रडू आलं. या वेळी आनंदाने.

दाराशी खुडबुड झाली. सगळं घराणं उभं होतं. प्रत्येकाच्या हातात एकेक काटा.

"घरात नवीन आलंय ना," आत्या म्हणाली. "घाबरू नकोस. बाळाला नाही, अंथरुणाला टोचू. आम्हाला काय कळत नाही?"

तातोबा जन्मात थोरांना उलट बोलला नव्हता. आताही बोलला नाही. तो दारात गेला आणि घराण्याकडे पाठ केली. मथुरा त्याच्या शेजारी येऊन तशीच उभी राहिली. मग दोघांनी आपले सगळे काटे उभे केले.

घराणं बराच वेळ थांबलं आणि मग घरी गेलं. आजही तिकडे सांगतात की तातोबा फार बदलला. लेक आल्यापासून त्याला घरचे नकोसे झाले.

तात्पर्य: एकीचं बळ फार मोठं, मुलांनो. एकट्याला होडी बुडवायची तर भर समुद्रात जावं लागतं. सगळं घर मदतीला आलं, तर ती गुडघाभर पाण्यातही बुडते.