महाराजांना हवी लाल गुंज

एका जंगलात, मुलांनो, एक दवाखाना होता. हसू नका. जनावरांचंही पोट दुखतं.

तिथे कापाकापी खेकडे डॉक्टर करत. त्याआधी भूल द्यायचं काम सायाळबाईंचं. भूल म्हणजे रुग्णाला असं गाढ झोपवायचं, की त्याला डॉक्टरांचे चिमटे कळत नाहीत. सायाळबाई आपल्याच पाठीवरचा काटा उपटून सुई म्हणून वापरत. त्यामुळे दवाखान्यात दुसरं काही असो नसो, सुया भरपूर होत्या.

बाईंना एक गोष्ट खटकत होती. घाबरत झोपलेला रुग्ण घाबरतच जागा होई. कुणी ओकायचं, कुणी टाके तोडायचं. एक रानडुक्कर तर शुद्धीवर येताच खाटेसकट पळालं. खाट अजून सापडलेली नाही.

झोप लागेपर्यंत कुणी नुसता हात धरून बसलं, तर फरक पडेल का? बाईंना शंका आली. पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून त्यांनी प्रयोग मांडला. पिशवीत गुंजा ठेवल्या, लाल आणि पांढऱ्या. रुग्णाने न बघता एक काढायची. लाल निघाली, तर नर्स खारूताई हात धरून गप्पा मारणार. पांढरी निघाली, तर नेहमीसारखं नुसतं औषध. कुणाला काय मिळणार ते नशिबाने ठरायचं, वशिल्याने नाही.

अडतीस रुग्ण झाले. लाल गुंजवाले हसत घरी जात होते. ठरवलेले चाळीस व्हायला दोनच उरले, आणि ते दोघे एकाच दिवशी आले.

एक होता म्हातारा कासव. त्याच्या घशात मासे धरायचा गळ अडकला होता. नऊ दिवस पोटात अन्न नव्हतं. दुसरे होते सिंहमहाराज. त्यांना अशा जागी गळू झालं होतं, की सिंहासनावर टेकता येईना.

कासवाची गुंज लाल निघाली. महाराजांची पांढरी.

"आम्हाला पांढरी?" महाराज म्हणाले.

"नशीब, महाराज," सायाळबाई म्हणाल्या.

"आमच्या राज्यात नशीब आमच्याकडूनच निघतं. आम्हाला लाल हवी."

"अदलाबदल केली तर प्रयोग फुकट जाईल."

महाराजांचा सचिव तरस खिदळला. "बाई, प्रयोग फुकट जाऊ दे. तुम्ही कशाला जाता?"

महाराजांनी कासवासमोरची लाल गुंज उचलली आणि आपली पांढरी ठेवली. कासव काही बोलला नाही. त्याच्या घशात गळ होता.

आत गेल्यावर महाराज खारूताईंच्या कानात पुटपुटले, "ताई, दुखेल का हो?"

"छे! मुंगी चावल्यासारखं वाटेल."

"मुंगी चावते?" महाराजांचा आवाज चिरकला. खारूताईंनी पंजा घट्ट धरला. महाराज शांत झोपले आणि हसत उठले. उठल्याबरोबर त्यांनी जेवण मागितलं, तेव्हा खारूताई कपाटावर जाऊन बसल्या.

मग कासवाला आणलं. त्याने सुई पाहिली आणि मान, पाय, सगळं आत ओढून घेतलं. खेकडे डॉक्टरांनी पाठीवर टकटक केली. "बाहेर या हो!" काही हललं नाही. "उद्या बघू," म्हणून ते हात धुवायला गेले.

उद्यापर्यंत कासव टिकणार नाही, हे सायाळबाईंना कळत होतं. हात धरला तर उरलासुरला प्रयोगही आपल्याच हाताने मोडणार, हेही कळत होतं.

त्यांनी वही बाजूला सारली आणि जमिनीवर बसल्या. कवचाच्या फटीत हात घालून त्यांनी एक पाय हलकेच धरला.

"आजोबा, मलासुद्धा सुयांची भीती वाटते," त्या म्हणाल्या. "माझ्या पाठीवर आहेत. मला दिसत नाहीत म्हणून निभावतं."

बराच वेळ गेला. आधी नाक बाहेर आलं, मग डोळे. कासव झोपला. डॉक्टरांना परत बोलावलं आणि गळ निघाला. संध्याकाळी म्हाताऱ्याने शेवाळ मागून मागून खाल्लं.

बाईंनी अहवालात खरं ते लिहिलं: 'चाळीसपैकी दोन रुग्णांच्या बाबतीत नियम मोडला. एकदा महाराजांनी, एकदा मी.' विद्वानांच्या मंडळाने अहवाल परत पाठवला. 'एकदा महाराजांनी' हे बेअदबीचं होतं म्हणे, आणि 'एकदा मी' हे बेजबाबदारपणाचं.

त्याच आठवड्यात तरसाने स्वतःचा अहवाल छापला. रुग्ण एक, बरा झालेला एक, म्हणजे शंभर टक्के यश. मंडळ उभं राहून टाळ्या वाजवत होतं. तरस 'हस्तधारण विभागा'चा प्रमुख झाला. त्याने हुकूम काढला, की प्रत्येक रुग्णाचा हात अकरा मिनिटं धरावा आणि धरताना सतरा रकान्यांचा तक्ता भरावा.

खारूताईंच्या एका हातात तक्ता आला, दुसऱ्यात लेखणी. रुग्णाला धरायला हात उरला नाही. रुग्ण पुन्हा ओकू लागले.

म्हणून हल्ली सायाळबाई रोज सकाळी लवकर येतात. ज्या बाईंनी जन्मात एक आकडा खोटा लिहिला नव्हता, त्या दिवसभराचे सगळे तक्ते रुग्ण यायच्या आतच मनाने भरून टाकतात. मग खारूताईंचे दोन्ही हात मोकळे राहतात.

तात्पर्य: संशोधनाला चाळीस रुग्ण लागत नाहीत. एक पुरतो. फक्त त्याला सुळे हवेत.