सुभेदार अण्णांचा रिपोर्ट

आमच्या शेजारचे सुभेदार अण्णा पाहुण्याला पाणी विचारण्याआधी रिपोर्ट विचारतात. चपला काढायच्या आत सांगायचं: नाव, कुठून आलो, हालत काय. सख्ख्या मेहुण्यालाही सूट नाही. तो एकदा नुसतंच "आलो बघा दाजी" म्हणाला, तर त्याला फाटकापर्यंत परत पाठवून नव्याने यायला लावलं.

सैन्यातून निवृत्त होऊन अण्णा वडूजला आले, त्याला बरीच वर्षं झाली. येताना त्यांनी इंग्रजीतलं हे एकच क्रियापद सोबत आणलं आणि त्यावर अख्खा संसार चालवला. लाईट आली की पंप रिपोर्ट करतो. थंडीत गुडघा रिपोर्ट करतो. म्हैस चरून वेळेवर परतली नाही की 'नॉट रिपोर्टेड', आणि मग अण्णा काठी घेऊन माळावर. काकी होत्या तोवर भाकरीसुद्धा तव्यावरून उतरल्याचा रिपोर्ट द्यायची म्हणे. काकी गेल्यावर घरात ते आणि म्हैस, एवढेच उरले.

मी सांगलीला शाळेत इंग्रजी शिकवते. रविवारी दुपारच्या एसटीने वडूजहून निघते. एकदा मला शिकवण्याची हुक्की आली. म्हटलं, "अण्णा, या शब्दाचे अर्थ बरेच आहेत. बातमी देणं, तक्रार करणं, हजर होणं. जागेप्रमाणे वापर बदलतो."

मिशीवरून हात फिरवत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मास्तरीणबाई, पुस्तकात आसतील. आमच्याकडं एकच. मानूस पोचला, जाग्यावर हाय, धडधाकट हाय. ह्याच्यापरीस जादा अर्थ घिऊन करायचं काय?"

वर मलाच कामाला लावलं. सांगलीत उतरले की फोन. त्यात "पोचले" चालत नसे. "सुनंदा, सांगली, सब ठीक" म्हणायचं, तिकडून "ठीक हाय, विश्राम" यायचं आणि फोन बंद. आईला माझी खबर अण्णांकडूनच कळायची. मैत्रिणी मला फौजी म्हणून चिडवायच्या आणि मला त्याचा रागही यायचा.

गेल्या श्रावणात विट्याच्या पुढे माझा फोन बंद पडला. खोलीवर येऊन चार्जिंगला लावला आणि सुरू करायचा विसरून झोपले. खरं सांगते, एक दिवस सुटका झाली म्हणून बरंच वाटलं होतं.

सकाळी दार वाजलं. पाहते तो अण्णा. पहिल्या एसटीने आलेले, कडक इस्त्रीचा शर्ट, डोळे तांबारलेले. मी फोनचं सांगायला लागले, तर हातानेच थांबवलं. मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, "ठीक हाय" म्हणाले आणि वळले. चहालाही थांबेनात.

"म्हस तुझ्या आईच्या हवाली करून आलोय. सांगलीत काम हाय म्हनलं."

मला लाज वाटली. ते जिना उतरत होते. मी वरून म्हटलं, "अण्णा, घरी पोचल्यावर रिपोर्ट करा."

ते पायरीवरच थांबले. "म्या?"

"व्हय, तुमीच."

मग उरलेल्या पायऱ्या उतरून गेले.

मधल्या सुट्टीत आईला फोन केला. घाबरली असशील, म्हटलं. आई म्हणाली, "मी कशाला घाबरू? रातीच अण्णा सांगून गेलं की, सुनंदाचा रिपोर्ट आला, निवांत झोपा."

मेहुण्याला फाटकापर्यंत परत पाठवणारा हा माणूस. त्याने आयुष्यात एकच खोटा रिपोर्ट दिला असेल, तो माझ्या आईला झोप लागावी म्हणून.

दुपारी फोन वाजला. "सुभेदार अण्णा. वडूज." मग पुढचं येईना.

"तुझी काकी गेल्यापास्नं माझा रिपोर्ट कुनी मागितलाच न्हवता, पोरी," ते म्हणाले. "सब ठीक."

आता "विश्राम" मी म्हणायचं होतं. मला म्हणवेना. मी विचारलं, "जेवलात का, अण्णा?"

त्या दिवशी फोन त्यांनी लगेच ठेवला नाही.