रबरी सूटच्या आत काय घालावं?

"रविवारी तिघऱ्याच्या तलावावर माझ्या होडीत कोण येतंय?" नव्या साहेबांनी विचारलं, आणि अख्ख्या दफ्तरात एकच हात वर गेला. तो महिपतरावांचा होता.

आंघोळीच्या घंगाळापेक्षा मोठ्या पाण्यात महिपतराव कधी उतरले नव्हते. पण दिवस नाजूक होते. ग्वाल्हेर आणि इंदूर मिळून नवं मध्यभारत राज्य झालं होतं. दफ्तरं इकडची तिकडे चालली होती. कोण इथेच राहणार आणि कोणाचं बिऱ्हाड इंदूरला जाणार, हे या मानसिंगराव साहेबांच्या हातात होतं. महिपतरावांना काही झालं तरी ग्वाल्हेरचं आपलं जयेंद्रगंज सोडायचं नव्हतं. (त्यांची सासुरवाडी इंदूरची. एवढं कारण पुरे.)

साहेब शिडाच्या होडीचे वेडे. त्यांनी खूश होऊन एक रबरी सूट महिपतरावांच्या हातात दिला. "थंडी आहे, अंगावर पाणी उडतं. यातून थेंबसुद्धा आत जाणार नाही. फक्त आत काय घालायचं ते विचार करून ठरवा."

महिपतराव विचार करायला बसले आणि तिथेच घात झाला.

"अंगालगत सुती बनियन," पत्नी विजयाबाईंनी निकाल दिला. "लोकरीनं तुम्हाला खाज सुटते. होडीत खाजवत बसाल साहेबांसमोर!"

शेजारचे कान्होजी संस्थानच्या फौजेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "देखो महिपतराव, माणूस पाण्यानं नाही मरत, थंडीनं मरतो. फ्लॅनेलचा सदरा, वर जर्सी. बिलकुल माघार घ्यायची नाही!"

"आणि बंडी?" विजयाबाई म्हणाल्या.

"बंडी तर पाहिजेच!"

महिपतरावांनी कोणाचंच मन मोडलं नाही. बनियन, त्यावर दुसरं बनियन, फ्लॅनेलचा सदरा, जर्सी, कापूस भरलेली बंडी, खाली दोन लेंगे आणि कानांवरून घट्ट मफलर. या सगळ्यावर रबरी सूट चढवताना कान्होजींनी मागून गुडघा लावला, तेव्हा कुठे बटणं लागली. आरशात पाहून महिपतरावांची छाती अभिमानानं फुगली असती, पण आत जागा नव्हती.

"बसून दाखवा बघू," विजयाबाई म्हणाल्या.

"बसता येत नाहीये."

"मग उभ्यानं जा!"

पडावाच्या चौकात साहेबांची जीप आली. दोघांनी उचलून महिपतरावांना मागे आडवं ठेवलं. तिघऱ्याला पोचेपर्यंत ऊन तापलं होतं. साहेबांच्या अंगात पातळसा लोकरी गंजीफ्रॉक आणि एक स्वेटर. रबरी कोट त्यांनी खांद्यावर टाकला होता.

"कसं वाटतंय?" साहेबांनी विचारलं.

"एकदम मजेत!" महिपतराव म्हणाले. आत पाठीवरून पहिला ओहोळ निघाला होता.

होडी तलावाच्या मध्यावर गेली आणि वारा पडला. साहेबांनी वल्हं महिपतरावांच्या हातात दिलं. उभ्यानंच दहा-बारा हात मारले आणि आतून ओहोळाची नदी झाली. बंडीतला कापूस भिजून जड झाला. पायमोज्यांतून चुळुक चुळुक आवाज येऊ लागला. तेवढ्यात टेकडीवरून एकदम वाऱ्याचा झोत आला. शीड फटकन फुगलं, होडी एका अंगावर कलंडली, काठावरून पाणी आत डोकावू लागलं!

"दोर सोडा!" साहेब ओरडले.

मफलरमधून महिपतरावांना ऐकू आलं, "दोर ओढा!" त्यांनी वल्हं टाकून शिडाचा दोर जीव खाऊन ओढला. होडी आणखी कलंडली.

"सोडा! अरे, छोड़ो!"

हिंदी मात्र मफलरच्या आत पोचली. महिपतरावांनी दोर सोडला आणि मागच्या मागे पोत्यासारखे होडीच्या उचललेल्या बाजूवर धाडकन पडले. तिथेच अडकले. आणि काय चमत्कार! होडी डुलली, डचमळली आणि सरळ झाली.

"शाब्बास! वाह!" साहेब अक्षरशः नाचले. "आता हलू नका!"

(हलणं शक्यच नव्हतं.)

मग होडी अशी सुसाट निघाली की महिपतरावांना भीतीचाही विसर पडला. पाणी सपासप तोंडावर आलं आणि उताणे पडल्या पडल्या ते "और तेज! और तेज!" म्हणून ओरडू लागले. आयुष्यात कधी नव्हे इतका आनंद त्यांना झाला होता.

काठावर सूट उतरवला तर आतून वाफ निघाली आणि पाचोळ्यावर पाणी ठिबकू लागलं.

साहेब चपापले. "सूट फाटला काय? एवढे भिजलात कसे?"

"नाही साहेब. हे... घरचंच पाणी आहे."

साहेब पोट धरून हसले. "अहो, बाहेरचं पाणी आत येत नाही, तसं आतलं बाहेर जात नाही! सुती कपडा घाम पिऊन बसतो. अंगाला पातळ लोकर, वर एक स्वेटर, बस."

कुडकुडत महिपतरावांनी धीर केला. "साहेब, मला ठेवणार ना?"

"ठेवणार म्हणजे? तुम्हाला मी सोडतोय थोडाच! दफ्तर इंदूरला जातंय, तुम्ही माझ्याबरोबर. तिथला यशवंतसागर तलाव याहून झकास आहे."

महिपतरावांच्या अंगातली उरलीसुरली ऊब गेली. तरी जाता जाता अभिमान उफाळलाच. "म्हणजे साहेबांना माझं काम पसंत पडलं."

"काम?" साहेब जीपमध्ये चढत म्हणाले. "ते अजून मी पाहिलं नाही. वजन पाहिलं."