खोली रिकामी आहे

परदेशात राहायची सोय मी स्वतः करणार, असं मी घरात जाहीर केलं. आमचे साडूसाहेब दरवर्षी टूर कंपनीबरोबर जातात. त्यांच्या हॉटेलात म्हणे उशीसुद्धा मऊ हवी की कडक, ते विचारून देतात. "तुम्हाला नाही जमायचं ते," असं ते चारचौघांत मला म्हणाले होते. म्हणजे आता माझ्या इभ्रतीचा प्रश्न होता. (आवक-जावक विभागातल्या कारकुनालाही इभ्रत असते. फक्त ती कुणी विचारायला येत नाही.) मी मोबाइलवर फोटो बघून एक लॉज पक्कं केलं. फोटोत खोली चांगली ऐसपैस होती.

प्रत्यक्षात, तो फोटो काढणारा उभा कुठे राहिला असेल, हेच मला कळेना. पलंग तीन भिंतींना टेकलेला. दार उघडायचं तर आतल्या माणसाने आधी पलंगावर चढायचं. खिडकीतून हात बाहेर काढला की शेजारच्या इमारतीचा पाइप लागायचा. बाथरूम पॅसेजच्या टोकाला, आणि तेही सगळ्या मजल्याला मिळून एक.

"ऊन येत नाही, हे एक बरं," मी म्हणालो.

"वारा आत यायचा म्हटला तरी आपल्यापैकी एकाला बाहेर जावं लागेल," बायको म्हणाली.

एवढ्यात तिच्या ताईचा फोन. "व्हिडिओ लाव गं, खोली बघू दे तुझ्या नवऱ्याने निवडलेली!"

"ताई, आत्ताच आलोय. सगळा पसारा पडलाय. आवरते आणि दाखवते," असं म्हणून बायकोने फोन ठेवला आणि ती माझ्याकडे वळली. "आजच्यापुरती अब्रू राखलीय. उद्याचं तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला हलवलं. "अहो, उठा. सफाईवाली यायच्या आत खोली आवरायचीय."

"अगं, ती आवरायलाच येते ना?"

"आणि तिने मनात म्हणावं, कसली माणसं आहेत ही?"

आमच्या घरीसुद्धा कामवाली यायच्या आत हिचा केर काढून झालेला असतो, त्यामुळे मी वाद घातला नाही. तिने चादरीची सुरकुती न् सुरकुती काढली, कप विसळून पालथे घातले, आरसा पुसला आणि ब्रशपासून चपलांपर्यंत सगळं बॅगेत भरून बॅगा पलंगाखाली पार भिंतीपर्यंत सरकवल्या. मग आम्ही खाली काउंटरवर किल्ली देऊन गाव बघायला बाहेर पडलो.

संध्याकाळी परतलो तर काउंटरवर कुणी नाही आणि किल्लीही नाही. वर जाऊन दार ढकललं, ते उघडेना. आतून पलंग करकरला, कुणीतरी त्यावर चढलं आणि दार उघडलं. पलंगावर एक धिप्पाड गृहस्थ उभे होते. त्यांच्यामागे त्यांची बायको आमच्या उशीला टेकून सफरचंद खात होती.

"धिस इज माय रूम!" मी म्हणालो.

"नो, माय रूम," गृहस्थ म्हणाले.

"माय वाइफ क्लीन धिस रूम!"

"व्हेरी गुड वाइफ," ते मनापासून म्हणाले.

तेवढ्यात मालकीणबाई धापा टाकत वर आल्या. खुलासा असा झाला की, सफाईवालीने दार उघडलं, आत नजर टाकली आणि खाली जाऊन सांगितलं, खोली रिकामी आहे, इथे कुणी राहत नाही. म्हणून बाईंनी ती देऊन टाकली होती.

बायको गुडघ्यांवर बसली आणि तिने पलंगाखालून आमच्या बॅगा ओढून काढल्या. मालकीणबाई बॅगांकडे बघतात, चादरीकडे बघतात, पुन्हा हिच्याकडे बघतात. इतकी वर्षं लॉज चालवते, पण असं राहणारं माणूस बघितलं नाही, असं त्या म्हणाल्या. माझी छाती इंचभर तरी फुगली असेल. खरं सांगतो, लग्नाच्या दिवशीही मला या बाईचा एवढा अभिमान वाटला नव्हता.

"वुई बोथ लिव्ह लाइक धिस," मी घाईघाईने सांगून टाकलं.

मालकीणबाईंनी माफी मागून आम्हाला गच्चीलगतची, त्यांच्या स्वतःच्या पाहुण्यांसाठी राखलेली खोली दिली. दोन खिडक्या, स्वतंत्र बाथरूम, आणि पलंगाभोवती चक्क फिरता येत होतं! मी दोन फेऱ्या मारल्या आणि साडूसाहेबांना स्वतःहून व्हिडिओ लावला.

"अरे वा!" ताई म्हणाल्या. "खरंच तुझ्या नवऱ्याने शोधली गं?"

मी बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, "ह्यांनीच."

साडूसाहेब थोडे खोकले. मग म्हणाले, "मानलं बुवा! पुढच्या महिन्यात आम्हीही तिथेच जाऊ. बुकिंग मात्र तुम्हीच करायचं."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्यावर काही सोपवलं होतं. मी फोन ठेवला आणि तिथल्या तिथे बुकिंग करून टाकलं.

"कुठली खोली मिळाली?" बायकोने विचारलं.

"खालची, आपलीच कालची," मी हळूच म्हणालो. "वरची फोटोतच नाही."

तिने कपाळाला हात लावला. "अहो, माझी सख्खी बहीण आहे ती! आता त्यांच्याआधी येऊन ती खोली मलाच नीट करावी लागणार."

"मीही येतो मदतीला."

"तुम्ही घरीच थांबा," ती म्हणाली. "आज सकाळचा अर्धा वेळ तुमचा ओला टॉवेल आणि मोजे लपवण्यातच गेला."