तिसऱ्या मजल्याच्या गरम पाण्याचा तह

॥ ज्याच्या कृपेने नळास पाणी येते आणि पाण्यास ऊब येते, त्यास आधी नमस्कार, मग लेखन ॥

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, भाद्रपद वद्य पक्ष. ते समयी तिसऱ्या मजल्यावर एक राज्य होते. राज्याचे नाव दारावरील पाटीवर होते, परंतु भिंतीस रंग देते वेळी पाटी उतरविली ती पुन्हा लागली नाही, सबब राज्य अनामिक राहिले. तेथे महाराज त्रिंबकराव पाटबंधारे खात्याची चाकरी पुरी करून राज्य करीत होते, आणि राणीसरकार कुंदाबाई त्यांचे हुकूम ऐकून घेऊन मग योग्य ते करीत होत्या. उभयतांस एक कन्या, नाव केतकी, ती नदीपलीकडील राज्यात दिली होती. ती प्रसूत होऊन कन्यारत्न जाहले, आणि इस्पितळातून तिने बाळासह माहेरी यावे ऐसा रिवाज, आणि महाराज त्या दिवसाची वाट आषाढापासून पाहत होते.

आता राज्याच्या न्हाणीघरात तप्तोदकाचे यंत्र होते, ज्यास लोक गिझर म्हणतात. त्याची हमी आषाढात संपली. तेव्हा कंपनी सरकारची वकील दीपाली वाघचौरे म्हणून हुशार मुलगी, ती तहाचा मसुदा घेऊन दरबारी आली आणि बोलली की, "काका, वर्षाचा देखभाल करार करून टाका. बिघडलं की एक फोन, आमचा माणूस दारात." महाराज म्हणाले, "विचार करून सांगतो." आणि मग महाराजांनी विचार आरंभिला. त्यांनी जिन्यात, गच्चीवर, दूध केंद्रावर ज्यास त्यास पुसिले की करार घ्यावा की न घ्यावा. चौथ्या मजल्याचे जहागीरदार म्हणाले, घेतला आणि पस्तावलो. पहिल्या मजल्याचे म्हणाले, नाही घेतला आणि पस्तावलो. ऐसे ऐकून महाराजांनी आणखी विचार केला, आणि श्रावण सरला, आणि गणपती येऊन गेले, आणि मग पितृपक्ष लागला. तेव्हा महाराजांस मोठा आनंद जाहला, कारण पितृपक्षात नवे काही घेत नाहीत. त्यांनी वकिलीणबाईस निरोप धाडिला की घटस्थापनेच्या मुहूर्तावर या, सही करू.

[समासात, वेगळ्या शाईने: आनंद झाला हे खरे. मुहूर्ताचे निमित्त. — कुं.]

मध्यंतरी महाराजांनी हुकूम काढिला. महाराजांचा स्वभाव जिन्नस जपण्याचा. चांगली चादर कपाटात, काचेचे पेले शोकेसात, सोफ्यावरील प्लास्टिक तैसेच. त्याच न्यायाने हुकूम ऐसा की, केतकी येईपर्यंत गिझर कोणी लावू नये. यंत्र जुने आहे, ते बाळासाठी ताजेतवाने राहावे. मग महाराज स्वतः थंड पाण्याने स्नान करू लागले आणि स्नान करिता मोठ्याने स्तोत्रे म्हणू लागले, ज्यावरून पाणी किती थंड आहे ते जिन्यापर्यंत समजे. राणीसरकारांचे बंधू भालचंद्रपंत, शेजारच्या गल्लीत राहणारे, नित्य चहास येत आणि स्वतःस या राज्याचे सेनापती समजत. ते म्हणाले, "भावजी, हुकूम काढून भागत नाही. अंमल पाहिजे. ते माझ्यावर सोडा." महाराजांनी सोडले. सेनापतींनी अंमल कैसा केला हे कोणी पुसिले नाही.

[येथे पानावर हळदीचा डाग असून दोन ओळी लागत नाहीत.]

मग उद्या केतकी येणार ऐसा दिवस उगवला. सकाळी राणीसरकारांनी पाहावे म्हणून गिझरचा खटका दाबिला, तो दिवा लागेना. पाऊण तास थांबून नळ सोडिला, तो पाणी जैसे टाकीत तैसे बादलीत. महाराज धावून आले. भालचंद्रपंत चहाचा कप हाती घेऊन आले. त्यांनी चहूकडे पाहिले. घरात दिवे जळत होते आणि पंखे फिरत होते, सबब विजेचा दोष नाही, यंत्रच गेले, ऐसा निवाडा सेनापतींनी दिधला, आणि वर म्हणाले, "आषाढातच सही केली असती तर? पण माझं ऐकतो कोण."

आणि इतक्यात विहीणबाई प्रमिलाबाईंचा फोन आला. त्या इस्पितळात केतकीपाशी बसल्या होत्या. बोलता बोलता राणीसरकारांच्या तोंडून निघून गेले की गिझर बंद पडला. प्रमिलाबाई म्हणाल्या, "मग आमच्याकडेच राहू दे की तिला. आमच्याकडे सोलर आहे, चोवीस तास पाणी." राणीसरकार म्हणाल्या, "गॅसवर तापवीन मी. पूर्वी काय गिझर होते का?" तो उत्तर आले, "कुंदाताई, तुमची कंबर धरलेली. डॉक्टरांनी घागरसुद्धा उचलू नका म्हटलंय. उकळतं पातेलं घेऊन तुम्ही स्वयंपाकघरातून न्हाणीघरात जाणार, आणि मध्ये बाळंतीण आणि बाळ. मला नाही पटत हो." महाराज पुढे होऊन म्हणाले, "पातेलं मी नेईन." राणीसरकार फोनवर हात ठेवून म्हणाल्या, "अहो, तुम्ही चहाचा कप टेबलापर्यंत नेता तेव्हा बशीत अर्धा असतो." महाराज मागे सरले. शेवटी ठरले ते ऐसे, की संध्याकाळपर्यंत पाणी तापले तर केतकी माहेरी, न तापले तर सासरी. आणि पाचवी झाली, बारसे व्हायचे, तिची खोली झाडून ठेविलेली, पाळण्यास नवी दोरी बांधिलेली. महाराजांनी त्या खोलीत एकवार डोकावून पाहिले आणि दार ओढून घेतले.

मग सुरू जाहली धावपळ. आधी पोपट मिस्त्रीस फोन. तो म्हणाला, "निघालोच, साहेब." मागे पंगतीचा आवाज येत होता, कोणी खिरीचा आग्रह करीत होते. तासाने पुन्हा फोन. "निघालोच." आता मागे पान-सुपारीचे बोलणे चालले होते. मग कंपनी सरकारच्या दरबारी फोन. तेथे बराच वेळ बासरी वाजली, आणि मग एक आवाज म्हणाला की करारवाल्यांकडे माणूस आजच जातो, बाकीच्यांस चार-पाच दिवस लागतील, आपला दिवस शुभ असो. महाराजांनी फोन ठेवून कपाळास हात लाविला आणि म्हणाले, "आजच्या आज सही करतो. बोलवा त्या मुलीला."

"पितृपक्ष आहे, भावजी," भालचंद्रपंत बोलिले.

मग प्रश्न पडला की करार ही नवी खरेदी की जुन्याची डागडुजी. डागडुजी असेल तर चालते. भालचंद्रपंतांच्या मते कागद नवा, सबब खरेदी. महाराजांच्या मते यंत्र जुने, सबब डागडुजी. वाद वाढला. शेवटी गुरुजींस फोन लाविला. ते दिवसाकाठी तीन तीन ठिकाणी श्राद्धास जात होते आणि त्या क्षणी स्कूटरवर होते. गुरुजी म्हणाले, "घरात नवीन काय येतंय?"

"वस्तू काही नाही. माणूस येतो," महाराज म्हणाले.

"माणूस आलेला चालतो," गुरुजी म्हणाले. "पितृपक्षात माणसं बोलावतातच. ठेवू का? सिग्नल सुटला."

ऐसा धर्मनिर्णय होऊन वकिलीणबाईस तातडीने बोलाविले आणि ती दुपारी मसुदा घेऊन हजर जाहली. दारातच भालचंद्रपंतांनी बहिणीस बाजूस घेतले आणि हळूच म्हणाले, "ताई, बंद आहे म्हणून बोलू नकोस. आधी सही होऊ दे. उद्या सकाळी बिघडला म्हणून सांगू." राणीसरकारांनी बंधूकडे एक दृष्टी टाकिली आणि बैठकीत जाऊन पाण्याचा पेला वकिलीणबाईच्या हाती देत म्हणाल्या, "गिझर सकाळपासून बंद आहे गं. उद्या घरात बाळंतीण यायची. आजच माणूस मिळेल का, तेवढं सांग."

दीपालीने पेला खाली ठेविला. "काकू, खरं सांगू? बंद यंत्रावर करार होतच नाही. आधी चालू करून घ्यायचं, आमचा माणूस तपासणार, मग करार."

"आणि चालू करायला?"

"चार-पाच दिवस."

महाराजांनी मसुदा हाती घेऊन चष्मा लाविला, जणू त्यात कोठे वाट असेल. तो त्यात बारीक अक्षरांचे कलम होते की आतील तापविण्याची कॉइल वगळून, टाकी वगळून, आणि बोअरच्या पाण्याने बसलेल्या खाराने झालेली हानी वगळून. सोसायटीचे पाणी बोअरचे. महाराजांनी विचारले, "मग यात राहिलं काय?" दीपाली प्रामाणिक होती. ती म्हणाली, "काका, माणूस येतो." आणि या कामी वर्षास अडीच हजार मोहरा.

मग राणीसरकार उठल्या. म्हणाल्या, "मी इस्पितळात जाऊन सांगून येते तिला. फोनवर नको सांगायला. वाट बघत असेल पोर." आणि पदराने चष्मा पुसिला, आणि तो आधीच स्वच्छ होता. कंबर धरल्यामुळे वाकवेना, म्हणून बंधूस म्हणाल्या, "भाल्या, जोड्यांच्या कपाटातून माझ्या चपला काढ."

भालचंद्रपंतांनी कपाट उघडिले. कपाटाच्या आत, वरच्या अंगास, विजेची पेटी होती, त्यात छोट्या खटक्यांची रांग. भालचंद्रपंत वाकले, आणि वर पाहिले, आणि तैसेच राहिले. मग टक् ऐसा आवाज जाहला.

"ताई," ते कपाटातूनच म्हणाले, "एकदा लावून बघ बरं. मला आतून वाटतंय."

राणीसरकारांनी न्हाणीघरात जाऊन खटका दाबिला. दिवा लागला. यंत्र गुरगुरू लागले, जैसे जेवून निजलेले माणूस. महाराज धावत आले, आणि तांबडा दिवा पाहून भिंतीस टेकले.

"अंमल," राणीसरकार म्हणाल्या.

"काय?"

"याने अंमल केला होता. कोणी चुकून लावू नये म्हणून पेटीतला गिझरचा खटका पाडला, आणि विसरला. काय रे?"

भालचंद्रपंत चपला हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "हुकूम भावजींचा होता."

[समासात: यावर मी जे बोलले ते लिहिणाऱ्याने गाळले आहे, ते योग्य केले. — कुं.]

दीपालीस हसू आवरेना. ती तोंडाशी ओढणी धरून म्हणाली, "काकू, आमच्याकडे निम्मे फोन असलेच असतात. करार असता तर आमचा माणूस येऊन एवढंच करून गेला असता. फुकट. आता तर यंत्र चालू आहे. करायचा का करार?"

महाराजांनी खिशाचे पेन काढिले. घामेजलेला माणूस सही लवकर करितो. तो राणीसरकारांनी मसुदा उचलून घडी घातली आणि वकिलीणबाईस परत दिधला. म्हणाल्या, "पोरी, तू खरं बोललीस, म्हणून मीही सांगते. जे बिघडतं ते तुमच्या कागदात नाही. जे कागदात आहे ते म्हणजे कुणीतरी येणं. ते आमच्याकडे आहे. हा रोज येतो, बिघडवून जातो, पुन्हा येतो, दुरुस्त करतो, आणि वर दोन कप चहाच लागतो."

"आणि खरंच बिघडला तर?" महाराजांनी पुसिले.

"तर नवा आणू. ज्या दिवशी बिघडेल त्या दिवशी. मुहूर्त बघायचा नाही."

महाराजांनी पेन खिशात ठेविले. आणि बखरकाराचे सांगणे आहे की, आषाढापासून त्यांच्या खांद्यांवर जे काही बसले होते ते त्या समयी उतरले, आणि महाराज आपण होऊन म्हणाले, "अगं, पोहे कर. या मुलीला उपाशी पाठवू नकोस." दीपाली पोहे खाऊन, एक छोटी दिव्याची बॅटरी कंपनीची भेट म्हणून ठेवून, रिकाम्या हाताने परंतु नाराज न होता गेली. त्यानंतर पोपट मिस्त्री आला. त्यासही पोहे दिधले. तो म्हणाला, "मी म्हणालो होतो ना, निघालोच."

[येथे पान फाटले आहे. पुढील मजकूर दुसऱ्या प्रतीवरून.]

दुसरे दिवशी केतकी बाळासह आली. भाकरतुकडा ओवाळून टाकिला, पायांवर पाणी घातले, तेही कोमट. प्रमिलाबाई सोबत आल्या होत्या. त्या कोणास न पुसता थेट न्हाणीघरात गेल्या, नळ सोडिला, आणि बाळाच्या पाण्यात घालतात तैसे कोपर बादलीत बुडविले. सर्व दरबार दारात उभा. प्रमिलाबाईंनी कोपर बाहेर काढिले, थोडे विसण घातले, पुन्हा कोपर बुडविले, आणि म्हणाल्या, "ढग आले की आमच्या सोलरचं पाणी असं नसतं हो." मग बाळास तेल लाविले आणि न्हाऊ घातले, आणि बाळाने आधी मोठा आकांत केला, आणि मग पाणी अंगावर पडताच ते गप्प जाहले, आणि धुरीच्या वासात निजले. केतकी भिंतीस टेकून म्हणाली, "आई, मलाही ठेव गं गरम." राणीसरकार म्हणाल्या, "हवं तेवढं घे."

आणि महाराज बाहेर घुटमळत होते. राणीसरकार म्हणाल्या, "अहो, तुमचा हुकूम संपला. जा, तुम्हीही घ्या." मग सर्वांचे जाहल्यावर महाराज न्हाणीघरात गेले, आणि बाहेर वाफ आली, आणि बराच वेळ आली, आणि आतून एकही स्तोत्र ऐकू आले नाही.

एवंच, करार जाहला नाही आणि पाणी तापले. कोणास कोठे घ्यावयाचा असल्यास त्याने घ्यावा. त्याच्या राज्यात भालचंद्रपंत नसतील. हे लिहिताना बाळ निजले आहे, सबब लेखन आवरते.

॥ इति तिसऱ्या मजल्यावरील वर्तमान. वाचणाऱ्याचे पाणी गरम राहो ॥